जिरेनियमचं तेल: पहिली बाटली घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

सोलापूर जिल्ह्यात ऊस, डाळिंब, ज्वारी आणि करडई यांच्या जोडीला काही शेतकऱ्यांनी आता जिरेनियम हे सुगंधी तेलाचं झाडही लावलं आहे. त्यामुळे हे तेल घरात येण्याची वाट बदलली. पूर्वी ते दुकानातून छापील खोक्यात यायचं. आता कुणाच्या तरी मेहुण्याच्या शेतातून किंवा पाल्यातून तेल काढणाऱ्या ओळखीच्या डिस्टिलेशन युनिटवरून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून थेट हातात पडतं. सोबत ना चिठ्ठी, ना लेबल, ना सूचना. तेल अस्सल असतं, वास सुंदर असतो, आणि घरातलं कुणीतरी ते सरळ हातावर ओतून चेहऱ्याला चोळतं. हा लेख अशा पहिल्या बाटलीसाठी आहे. यातली एकच गोष्ट पाळणार असाल, तर ती ही: हे तेल थेंबांत मोजायचं असतं आणि दुसऱ्या तेलात मिसळूनच अंगाला लावायचं असतं.

पहिली पायरी: हे तेल कशाचं ते समजून घ्या

नर्सरीत लाल-गुलाबी फुलांच्या गुच्छांची जी कुंडी ‘जिरेनियम’ म्हणून मिळते, तिच्यापासून हे तेल निघत नाही. तेलाच्या झाडाचं शास्त्रीय नाव पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स. पानं कातरलेली आणि मऊ लव असलेली, फुलं बारीक, फिकट गुलाबी आणि अगदीच साधी. सुगंध फुलात नसून पानात आणि कोवळ्या शेंड्यात असतो. पान बोटांत चुरगाळलं की गुलाबासारखा वास येतो, म्हणून तर जगभर साबण आणि अत्तरं बनवणारे लोक महागड्या गुलाबतेलाऐवजी याचा आधार घेतात.

मूळ झाड दक्षिण आफ्रिकेतलं. तिथून ते युरोपात गेलं, पुढे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर त्याची मोठी लागवड झाली. त्या बेटाचं जुनं नाव बूर्बाँ, म्हणून आजही चांगल्या प्रतीच्या तेलाला ‘बूर्बाँ’ म्हणण्याची पद्धत आहे. सध्या इजिप्त आणि चीन हे मोठे उत्पादक आहेत. आपल्याकडे आधी निलगिरी आणि दक्षिणेतल्या इतर थंड डोंगरांत ते होतं. लखनऊच्या ‘सीमॅप’ या केंद्रीय संस्थेने रोपं आणि तंत्र मैदानी भागात पोहोचवलं, तेव्हा महाराष्ट्रातही लागवड सुरू झाली.

पाला कापून, थोडा सुकवून मोठ्या टाकीत भरतात आणि त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर सुगंधी द्रव्यं निघतात, थंड झाल्यावर पाणी खाली राहतं आणि तेल वर तरंगतं. उतारा फार थोडा: साधारण ०.१ ते ०.१५ टक्के. म्हणजे एक टन पाल्यातून जेमतेम किलो-दीड किलो तेल. १० मिलीच्या एका छोट्या बाटलीमागे सहा ते नऊ किलो हिरवा पाला लागतो. हा हिशेब डोक्यात ठेवा, पुढे दोन ठिकाणी तो उपयोगी पडेल. आणि गच्चीवरच्या दोन कुंड्यांतून घरी तेल काढण्याचा बेत असेल, तर त्याचंही उत्तर यातच आहे. कुंडीतली पानं गरम पाण्यात टाकून खोलीत ठेवली, तर वासाचं समाधान मिळतं, तेवढंच पुरे.

दुसरी पायरी: विकत घेताना काय पाहायचं

बाटली गडद रंगाच्या काचेची हवी. लेबलवर झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव, तेल पानांचं असल्याचा आणि वाफेने काढल्याचा उल्लेख, बॅच क्रमांक आणि तारीख हवी. नुसतं ‘जिरेनियम फ्रेग्रन्स ऑइल’ असं लिहिलेलं असेल तर ते बहुतेक कृत्रिम सुगंध असलेलं तेल असतं. मेणबत्तीत किंवा उदबत्तीत ते चालेल. त्वचेसाठी घेऊ नका.

किमतीवरून बरंच कळतं. एका छोट्या बाटलीला सहा-नऊ किलो पाला, त्यावर इंधन, मजुरी, बाटली, दुकानदाराचा नफा. एवढं सगळं असताना १० मिली तेल पन्नास-साठ रुपयांत कुणी देत असेल, तर त्यात दुसरं काहीतरी नक्की मिसळलेलं आहे. महाग म्हणजे शुद्ध, असं मात्र उलटं गृहीत धरू नका.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी कागद उजेडासमोर धरा. सुगंधी तेल उडून जातं, फार तर हलका पिवळसर ठसा राहतो. भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक, तेलकट डाग दिसला तर त्यात खाद्यतेल मिसळलेलं आहे. या तपासणीची मर्यादाही ओळखा. जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही या तेलातली मुख्य सुगंधी द्रव्यं, ती कारखान्यात बनवून मिसळलेली असतील, तर तीही उडूनच जातात, आणि कागद काहीच सांगत नाही. ती भेसळ फक्त गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या, अहवालात सापडते. चांगले विक्रेते बॅचचा अहवाल मागितल्यावर देतात. शेतकऱ्याकडून थेट घेत असाल, तर त्याने विक्रीसाठी केलेला अहवाल आहे का, हे जरूर विचारा. विचारण्यात संकोच नको, घेणाऱ्या मोठ्या कंपन्याही तेच विचारतात.

या अहवालात काय बघायचं? सिट्रोनेलॉल सगळ्यात जास्त असतं, त्याच्या मागोमाग जिरॅनिऑल. मग लिनालूल, आयसोमेंथोन आणि सिट्रोनेलिल फॉर्मेट ही नावं दिसतात. या तेलातला गुलाबाचा भाग पहिल्या दोघांचा, आणि पुदिन्यासारखी जी थंड छटा नाकाला लागते ती आयसोमेंथोनची. जागा, जात आणि कापणीचा हंगाम यांप्रमाणे प्रमाण बदलतं. त्यामुळे एकाच शेतातल्या दोन कापण्यांचा वास किंचित वेगळा आला, तर संशय घेण्याचं कारण नाही.

तिसरी पायरी: आधी नाकाला ओळख करून द्या

बाटलीला नाक लावू नका. कागदाच्या पट्टीचं टोक तेलात बुडवा, नाकापासून वीतभर दूर धरा आणि हळू वास घ्या. सुरुवातीला हिरवा, पाल्याचा, थोडा लिंबाकडे झुकणारा वास येईल. दहा-पंधरा मिनिटांनी तोच गुलाबाकडे वळतो. तासाभराने पुन्हा हुंगा, तेव्हा खालचा मऊ, गोडसर भाग उरलेला असतो. हे तीन टप्पे नीट ओळखता आले, की पुढे कोणती बाटली चांगली हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

नुकत्याच काढलेल्या तेलाला कधी कधी उकडलेल्या कोबीसारखा उग्र वास असतो. पाल्यातून येणाऱ्या गंधकयुक्त द्रव्याचा तो वास आहे. त्याने घाबरून तेल परत करू नका. काही दिवस मुरू दिलं की तो जातो. शेतावरून थेट तेल घेणाऱ्यांची इथेच सगळ्यात जास्त निराशा होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

चौथी पायरी: थेंब मोजणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि नवखे लोक हाच भाग गाळतात. सहा-नऊ किलो पाला एका बाटलीत आटलेला आहे हे आठवा. निसर्गात कोणत्याही कातडीला एवढ्या दाट स्वरूपात हे द्रव्य भेटत नाही.

१ मिलीत साधारण २० थेंब धरतात. म्हणजे ५ मिलीच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे १०० थेंब. त्यामुळे हिशेब सोपा होतो: एका चमचा साध्या तेलात एक थेंब जिरेनियम म्हणजे १ टक्का. दोन थेंब म्हणजे २ टक्के. चेहऱ्यासाठी १ टक्का किंवा त्याहून कमी, हातापायांना आणि पाठीला २ टक्के. नवख्यांनी याच्या वर जाऊ नये. ३० मिलीची बाटली बनवायची असेल तर चेहऱ्यासाठी ६ थेंब, अंगासाठी १२ थेंब.

घरातले चमचे लहानमोठे असतात, पोह्याचा चमचा तर भरवशाचाच नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असलेलं झाकण येतं, ते धुऊन कोरडं करून वापरा. थेंबांसाठी मेडिकलमधून सुई नसलेली १ मिलीची सिरिंज आणलीत, तर आणखी बरं. वापरून झाल्यावर ती फेकून द्या, कारण शुद्ध तेल तिचा रबरी भाग हळूहळू मऊ करतं. त्याच कारणाने रबरी ड्रॉपर बाटलीला कायमचा लावून ठेवू नका.

कोणत्या तेलात मिसळायचं? आपल्या भागात याचं उत्तर शेजारीच आहे. लाकडी घाण्याचं करडईचं तेल सोलापूरकरांना नवं नाही. ते हलकं असतं, त्वचेत लवकर मुरतं, त्याचा स्वतःचा वासही फार मध्ये येत नाही. फक्त ते लवकर खवट होतं, म्हणून महिनाभर पुरेल एवढंच मिश्रण करा. तिळाचं तेल जास्त टिकतं आणि थंडीत अंगाला बरं वाटतं, पण त्याचा स्वतःचा वास जिरेनियमवर थोडा चढतो. खोबरेल चालतं. मात्र डिसेंबर-जानेवारीत ते गोठतं, आणि गोठलेल्या तेलात थेंब नीट मिसळत नाहीत. आधी कोमट पाण्यात बाटली ठेवून ते पातळ करा. शेंगदाणा तेल मात्र घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर टाळा.

पाचवी पायरी: कोपराच्या आत एक दिवस

मिश्रण तयार झालं की लगेच चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावा आणि २४ तास तो भाग धुऊ नका. लाली, खाज, पुरळ, आग यांतलं काहीही झालं, तर हे तेल तुमच्यासाठी नाही. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि लिनालूल यांची काहींना ॲलर्जी असते, हे माहीत असलेलं सत्य आहे. युरोपात तर सौंदर्यप्रसाधनांमध्ये ही द्रव्यं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असली, तर लेबलवर त्यांची नावं लिहावीच लागतात. तेल जुनं होऊन हवेशी संयोग पावलं की हा धोका वाढतो.

आग झाली तर नुसत्या पाण्याने धुऊन फरक पडत नाही, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. आधी साध्या खाद्यतेलाच्या कापसाने पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

सहावी पायरी: वापर

सर्वांत सोपा आणि सगळ्यात समाधान देणारा वापर म्हणजे आंघोळीनंतरचं अंगतेल. अंग ओलसर असतानाच २ टक्क्यांचं मिश्रण हातापायांना चोळा. सोलापूरचं पाणी जड, हवा कोरडी, त्यामुळे थंडीत पोटऱ्या आणि टाचा खरखरीत होतात. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं: त्वचा मऊ होते ती मुख्यतः करडईच्या किंवा तिळाच्या तेलाने. जिरेनियम सुगंध देतं, आणि त्या सुगंधामुळे रोज तेल लावण्याची सवय टिकते. माझ्या मते एवढा फायदा पुरेसा आहे.

बादलीत थेंब टाकून आंघोळ करू नका. तेल पाण्यावर तरंगतं आणि न मिसळता थेट अंगाला चिकटतं, तेही नेमकं नाजूक जागी.

दुसरा वापर कपड्यांचा. सोलापुरी चादरी आणि टॉवेल कपाटात घडी करून ठेवताना कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाका, तो बोळा छोट्या सुती पिशवीत बांधून घड्यांच्या मध्ये ठेवा. थेंब थेट कापडावर नको, फिकट रंगावर पिवळा डाग पडू शकतो. पावसाळ्यात कपाटाला येणारा कुबट वास याने बराच झाकला जातो. महिन्याने बोळा बदला.

खोलीत सुगंध हवा असेल तर डिफ्युजर (सुगंध पसरवणारं उपकरण) असलाच पाहिजे असं नाही. वाफाळत्या पाण्याच्या वाटीत दोन-तीन थेंब टाकून वाटी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. अर्धा तास पुरे, खिडकी थोडी उघडी. उन्हाळ्यात अनेकांना कूलरच्या पाण्यात तेल टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. तेल गवताच्या पॅडला आणि पंपाच्या प्लॅस्टिकला धरतं, आणि बंद खोलीत रात्रभर तोच दाट वास नाकात गेला की डोकं दुखतं. कूलरला सुगंध हवाच असेल तर वाळ्याच्या ताट्या लावा. वाळा आणि जिरेनियम यांचं जमतंही छान: अत्तरासारखं मिश्रण करायचं असेल तर जिरेनियमचे तीन थेंब आणि वाळ्याच्या तेलाचा एक थेंब, दोन चमचे खोबरेलात. गुलाबाच्या वासाखाली ओल्या मातीचा आधार मिळतो. चंदन आणि लव्हेंडर यांच्याशीही ते सहज जुळतं.

मन शांत होतं का? वास आवडला तर बरं वाटतं, हे खरं. इराणमध्ये प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यातल्या स्त्रियांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, वास घेतल्यावर चिंता कमी झाल्याचं दिसलं होतं. पण तो अभ्यास रुग्णालयातल्या देखरेखीखाली झालेला होता. त्यावरून झोपेची किंवा नैराश्याची औषधं बंद करून तेलावर विसंबणं चुकीचं आहे.

डासांबद्दल थोडं थांबून. जिरेनियम डासांना आणि गोचिडांना काही प्रमाणात दूर ठेवतं, यात तथ्य आहे. पण ते उडून जाणारं तेल असल्यामुळे परिणाम थोडाच वेळ टिकतो. सोलापुरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं. म्हणून घरोघरी पिंपं आणि टाक्या भरलेल्या असतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. तेव्हा आधी पिंपाला घट्ट झाकण, आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासणं, मच्छरदाणी. संध्याकाळी अंगणात बसताना पायांना २ टक्क्यांचं मिश्रण लावणं, हे त्यानंतरचं. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर नुसत्या तेलावर भरवसा ठेवू नका.

मुरुमं, बुरशी आणि जखमांबद्दलही खूप काही ऐकू येतं. प्रयोगशाळेत हे तेल काही जिवाणू आणि बुरशींची वाढ रोखतं, ते खरं आहे. काचेच्या बशीतला परिणाम माणसाच्या कातडीवर तसाच येतो असं नाही. चेहऱ्यावर एखाददुसरी पुटकुळी असेल आणि चाचणीत त्रास झाला नसेल, तर १ टक्क्याचं मिश्रण लावायला हरकत नाही. मधुमेह असलेल्यांच्या पायाची जखम, न भरणारी जखम, पसरत जाणारा नायटा यांवर मात्र तेल लावून दिवस घालवू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

यांच्यापासून दूर

तेल पोटात घ्यायचं नाही. चहात नाही, मधात नाही, पाण्यात एक थेंबसुद्धा नाही. लहान मुलाच्या हाती बाटली लागून त्याने तेल प्यायलं, तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लावू नका. बाळाच्या मालिशीला साधं खोबरेलच उत्तम. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत वाफ करण्याआधी त्याला बाहेर थोडा वास घेऊन पाहू द्या. घरात मांजर असेल तर तिच्या अंगावर तर नाहीच, पण ती बसते त्या बंद खोलीतही नको. अशी द्रव्यं शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद कमी असते. आणि हे तेल पेट घेतं, म्हणून निरांजन, गॅस आणि उदबत्तीपासून ते लांब ठेवा.

साठवण

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि तेलाला सगळ्यात जास्त नुकसान करतात त्या तीन गोष्टी: ऊन, उष्णता आणि हवा. खिडकीतल्या फळीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात बिघडते. झाकण घट्ट लावून, बाटली डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवा, आणि डब्यावर ‘खाण्याचं नाही’ असं ठळक लिहा. अर्धी रिकामी झालेली बाटली लहान बाटलीत ओतून घ्या, म्हणजे आत हवा कमी राहते.

बाटली उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून लावा. नीट ठेवलेलं तेल दोन-तीन वर्षं चांगलं राहतं. वास आंबूस किंवा रंगतेलासारखा झाला, तेल घट्ट झालं, तर ते अंगाला लावणं थांबवा. टाकून देण्याची घाई नको. फरशी पुसायच्या बादलीत, आधी चमचाभर साबणाच्या पाण्यात चार-पाच थेंब फेटून मग ते मिसळा. हातात मोजे असू द्या, आणि फरशी वाळेपर्यंत रांगतं मूल तिकडे जाणार नाही एवढं बघा.